भूकंपानंतर भुज पुन्हा कसे वसले, आणि जुन्या शहरातल्या शेजाराचे काय झाले?

पायवाट :

नमस्कार. येत्या हिवाळ्यात आमच्या वाचनमंडळाची कच्छची सहल ठरते आहे. धोळावीरा आणि रण कार्यक्रमात आहेतच, पण भुज केवळ मुक्कामापुरते न वापरता ते शहर म्हणून नीट पाहावे, असे आमच्यापैकी काही जणांचे मत पडले आणि त्यासाठी हाती लागेल ते वाचणे सुरू आहे. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास झालेला ७.७ तीव्रतेचा भूकंप, गुजरातभर मिळून गेलेले सुमारे १३,८०० जीव, आणि पुढील काही वर्षांत रुंद रस्ते, नवे रुग्णालय व नवी उपनगरे घेऊन उभे राहिलेले शहर, एवढी हकिकत सगळीकडे सापडते.

मला मात्र निराळेच कुतूहल आहे. भुजच्या तटबंदीच्या आतील जुने शहर सोनीवाड, वाणियावाड, नागरवाडा अशा दाट वस्त्यांचे होते, आणि तिथली घरे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना खेटून उभी होती. ते शहर जिथे होते तिथेच पुन्हा का बांधले गेले? आपल्याकडे १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली, तसे तिथे का झाले नाही? त्याच गल्लीत परतलेल्यांना जुना शेजार मिळाला का? जे भाड्याने राहत होते त्यांच्या वाट्याला काय आले? जाणकारांनी सवडीने लिहावे.

नकाशेवाला :

आपला पहिला प्रश्न माझ्या जुन्या व्यवसायाचा आहे, म्हणून त्यापुरतेच लिहितो. मी महाराष्ट्राच्या नगररचना खात्यात नोकरी केली. भुजच्या कामाशी माझा प्रत्यक्ष संबंध नव्हता, परंतु त्या योजनांचे नकाशे आम्ही खात्यातील लोकांनी बरेच अभ्यासले, कारण नगररचना योजना हे मुळात १९१५ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यातून आलेले साधन आहे. आपल्याकडे ते बराच काळ अडगळीत पडून राहिले. गुजरातने मात्र वापरून वापरून त्याला धार आणली.

गाव हलवणे आणि शहर हलवणे यांत मोठा फरक आहे. खेड्यातल्या माणसाची उपजीविका शिवारात असते. घर दोन किलोमीटर सरकले तर त्रास होतो, पण शेत जागेवर राहते. शहरातल्या सराफाची, कापडवाल्याची, शिंप्याची उपजीविका गिऱ्हाइकाच्या पायाखालच्या रस्त्यावर असते. जुन्या भुजमध्ये दुकान खाली आणि बिऱ्हाड वर अशी घरे पुष्कळ होती, शिवाय मंदिरे, मशिदी, जैन देरासरे आणि दरबारगड, म्हणजे राजवाड्यांचा परिसर, होता. ही सगळी वीण उचलून माळावर नेता येत नाही. त्यामुळे ज्यांना बाहेर पडायचे असेल त्यांच्यासाठी शहराभोवती नव्या वसाहती आखायच्या, आणि उरलेल्यांसाठी जुने शहर जागेवरच पण विरळ करून बांधायचे, असा मार्ग निघाला.

विरळ करणे का आवश्यक होते, हे कच्छमधल्याच अंजार शहराच्या उदाहरणावरून कळते. त्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची शाळकरी मुलांची फेरी तिथल्या अरुंद बाजारपेठेतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे रस्त्यावर कोसळली आणि १८५ विद्यार्थी व २० शिक्षक त्याखाली गेले. गल्ली इतकी चिंचोळी असेल की दोन्हीकडच्या भिंती मधोमध एकमेकींना भेटतात, तर घराबाहेर पळणे हाही बचाव उरत नाही. भुजमध्ये ढिगाऱ्यांमुळे कित्येक गल्ल्यांत आत शिरायलाच वाट नव्हती. म्हणून बोळ फोडून रस्ते एकमेकांना जोडणे, आत एक वळसा घालणारा रस्ता काढणे आणि इमारतींच्या उंचीवर कडक मर्यादा घालणे, ही नव्या आराखड्याची मुख्य सूत्रे ठरली.

रस्त्यांसाठी जागा कुठून आणायची, हा खरा पेच होता. भूसंपादन केले असते तर ज्याच्या घरावरून रस्ता जातो तो बेघर झाला असता आणि शेजाऱ्याला आयता रुंद रस्ता मिळाला असता. त्याऐवजी जुन्या शहराच्या आठ नगररचना योजना केल्या गेल्या. प्रत्येक मालकाचा मूळ भूखंड मोजून सगळी जमीन कागदावर एकत्र धरली, रस्ते व मोकळ्या जागा आखल्या, आणि उरलेल्या जमिनीतून प्रत्येकाला शक्य तितका मूळ जागेजवळ, थोडा लहान पण सरळ आकाराचा अंतिम भूखंड दिला. अगदी चिमुकल्या भूखंडांना कपात नव्हती, आणि भूखंड जसजसा मोठा तसतसे कपातीचे प्रमाण वाढत होते. अहमदाबादच्या एन्व्हायर्नमेंटल प्लॅनिंग कोलॅबोरेटिव्ह या संस्थेने हे काम केले. नकाशे लोकांसमोर मांडून हरकती ऐकल्या गेल्या आणि रेषा बदलल्याही गेल्या. मोजणीच्या वेळी कित्येक मिळकतींचे कागद तीन तीन पिढ्या मागचे निघाले आणि वारसांपैकी कोणी मुंबईत, तर कोणी नैरोबीत, अशी स्थिती होती. इतक्या गुंत्यातून वाट काढून एवढ्या कमी काळात योजना मंजूर होणे हे आमच्या खात्याच्या मापाने अचाटच आहे. आपल्याकडे एकेक योजना मार्गी लागता लागता अधिकारी निवृत्त होतात.

याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागली. योजना होईपर्यंत जुन्या शहरात नवे बांधकाम करता येत नव्हते. घरमालकांनी दोनेक वर्षे पत्र्याच्या वा तात्पुरत्या निवाऱ्यात काढली, आणि त्या काळात बरेच जण बाहेर स्थिरावले ते परतलेच नाहीत. दुसरी किंमत आपल्या शेवटच्या प्रश्नात आहे. नगररचना योजनेला फक्त भूखंड आणि त्याचा मालक दिसतो. भाडेकरू त्या नकाशात नसतोच.

ओटीवरून :

मी लग्नानंतर नाशिकहून कच्छमध्ये आले. यजमानांची नोकरी बँकेत होती, आणि भूकंपाच्या आधीपासून आमचे बिऱ्हाड भुजमध्येच आहे. नकाशेवाला यांनी आराखडा उत्तम समजावून सांगितला आहे. तो जिथे संपतो तिथून पुढे मी लिहिते.

भाडेकरूंचे आधी सांगते, कारण तो विषय इकडे आजही सहज कोणी काढत नाही. जुन्या शहरात असंख्य कुटुंबे नाममात्र भाड्यावर दोन-दोन पिढ्या राहत होती. कोणाचे भाडे महिना वीस-पंचवीस रुपये असायचे, आणि मालक एखादा न्यास किंवा मुंबईला गेलेले कुटुंब असे. घर पडले की नुकसानभरपाई घराच्या मालकाला मिळणार, हे नियमाला धरून झाले. पण नव्या घरात जुन्या भाड्याने परत घेण्याचे बंधन मालकावर राहिले नाही, आणि त्यालाही जुन्या भाडेकरूतून मोकळे व्हायचेच होते. आमच्या समोरच्या घरात एक शिंपी कुटुंब राहायचे. वरच्या मजल्यावर बिऱ्हाड आणि खाली शिलाईची यंत्रे. घरमालकाने नवे घर बांधले, छान बांधले, आणि खाली मोबाइलचे दुकान आले. शिंप्याचे कुटुंब आधी तात्पुरत्या वसाहतीत आणि नंतर शहराच्या पार कडेला गेले. त्याचे गिऱ्हाईक गल्लीतलेच होते. ते तुटले, तेव्हा त्याचा धंदाही बसला.

तात्पुरते निवारे अनेकांसाठी वर्षानुवर्षांचे झाले. जीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या, परिसरातील वस्ती हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तिथल्या रहिवाशांना पक्की घरे मिळायला एक तप लोटले. पुढे राजीव आवास योजनेतून जीआयडीसी, भीमरावनगर आणि रामदेवनगर या तीन वस्त्यांत तीनशेच्या वर घरे बांधली गेली. वस्ती न हलवता, रहिवाशांनी स्वतः आराखड्यात भाग घेऊन ती बांधली. हुन्नरशाळा, सेतू आणि महिलांची सखी संगिनी या संस्थांनी त्यात साथ दिली. भूकंपानंतरचे माझे सर्वांत आवडते काम तेच आहे, कारण तिथे भिंती उभ्या राहण्याआधी कोणाच्या शेजारी कोण राहणार हे ठरले होते. मोठ्या आराखड्यात तो प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आता शेजाराविषयी. जुन्या गल्लीत परतलेल्यांना शेजारी बहुतेक तेच मिळाले, पण ओटा गेला. पूर्वी घराच्या पायरीलगत ओटा असायचा आणि तो थेट गल्लीत यायचा. दुपारी कामे आवरली की खत्री बायका तिथे बसून बांधणी बांधत. करंगळीच्या नखावर बसवलेल्या धातूच्या टोकाने कापडाचा कण उचलायचा, त्याला दोरा गुंडाळायचा, आणि तोंडाने गल्लीतल्या सगळ्या लग्नांचा हिशेब चालू ठेवायचा. मी कच्छी भाषा त्या ओट्यावर शिकले. आता रस्ता रुंद झाला, त्यावरून मोटारसायकली जातात, आणि ओट्याच्या जागी गाडी लावायची उतरण किंवा लोखंडी फाटक असते. बायका अजूनही बांधणी बांधतात, पण घरात, दूरचित्रवाणीसमोर. रस्ते रुंद व्हायला नको होते, असे मी म्हणणार नाही. ज्या सकाळी आम्ही भिंतींच्या ढिगाऱ्यांवरून चढत ज्युबिली ग्राउंडवर पोहोचलो आणि उघड्यावर चाललेले उपचार पाहिले, त्यानंतर चिंचोळ्या गल्लीचे कौतुक माझ्याने होत नाही. सरकारी रुग्णालयच पडले होते. आज त्या जागी जी. के. जनरल हॉस्पिटल आहे, आणि त्याच्या पायाखाली शिसे-रबराचे आधार घातले आहेत, म्हणजे जमीन हलली तरी इमारतीला बसणारा हिसका कमी होईल. ते तंत्र न्यूझीलंडहून आले.

जे रिलोकेशनच्या, म्हणजे शहराबाहेर नव्याने आखलेल्या, वसाहतींत गेले, त्यांच्यात सुरुवातीला फार एकटेपण होते. मुंद्रा रोड, रावळवाडी, आरटीओ इथले भूखंड मोठे, रस्ते सरळ, झाडे नाहीत, आणि संध्याकाळी दिवेलागणीला रस्त्यावर माणूस दिसत नसे. म्हातारी माणसे सकाळी रिक्षा करून जुन्या शहरात यायची, आपल्या देवळात किंवा मशिदीत बसायची, आणि जेवणवेळेला परत जायची. हळूहळू तिथेही नवरात्राचे चौक ठरले, दूधवाला आणि दाबेलीची गाडी आली. आता तिथे वाढलेल्या मुलांना तेच घर वाटते. एक गोष्ट मात्र मला खटकते. जुन्या शहरात सोनी, खत्री, नागर, जैन, मुसलमान आपापल्या फळियांत, म्हणजे आळ्यांत, राहत, तरी पाणी, बाजार आणि तलाव एकच असल्यामुळे रोज गाठ पडे. भूकंपानंतर जातीच्या आणि धर्माच्या संस्थांनी आपापल्या लोकांना आधी मदत केली, ती मनापासून केली, आणि त्यातून आपापल्या वेगळ्या वसाहती झाल्या. रोजची गाठ त्यामुळे कमी झाली.

तरीही सगळे शहर एकत्र आणणारी एक गोष्ट टिकली, ती म्हणजे हमीरसर तलाव. पावसाळ्यात तो काठोकाठ भरून वाहू लागला की नगराध्यक्ष वाजतगाजत येऊन त्याचे पूजन-स्वागत करतात, म्हणजे त्याला वधावतात, श्रीफळ अर्पण करतात, जिल्हाधिकारी भुजला सुट्टी जाहीर करतात, आणि मेघलाडूंच्या पंगती उठतात. कच्छसारख्या कोरड्या मुलखात हे दरवर्षी घडत नाही, म्हणून त्याचे एवढे अप्रूप. भूकंपानंतर तलाव पहिल्यांदा वाहिला त्या दिवशी रिलोकेशनच्या वसाहतींतून आलेल्या माणसांनी काठ भरून गेला होता. दोन-दोन वर्षे न भेटलेले शेजारी एकमेकांना पत्ते विचारत होते.

माळवद :

मी किल्लारीपासून जवळच्या गावचा आहे. धाग्यात आमच्या भागाचा उल्लेख आला म्हणून लिहितो.

आमची गावे सरकारने बळेच उचलून दुसरीकडे नेली, असा समज बाहेर दिसतो, आणि तो अपुरा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, चारच्या सुमारास धक्का बसला. दगड-मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती आणि त्यावरचे माळवद यांखाली माणसे झोपेत गेली. अधिकृत आकडा आठ हजारांच्या आसपास आहे. त्यानंतर त्या पांढरीत पुन्हा पाऊल टाकायची कोणाचीच इच्छा नव्हती. गाव हलवा, ही मागणी लोकांचीच होती. पुढे दहा-पंधरा वर्षांनी ज्यांना जुने गावठाण आठवून रडू आले, तेही त्या वेळी हलवण्याच्या बाजूचेच होते.

घरे जमिनीच्या प्रमाणात दिली गेली. भूमिहीन आणि अत्यल्प भूधारकांना अडीचशे चौरस फूट, त्यावरच्यांना साडेचारशे, आणि मोठ्या शेतकऱ्यांना साडेसातशे. म्हणजे ज्याचा तोटा मोठा त्याला घर मोठे, हा हिशेब झाला; पण त्यामुळे एकाच आकाराची घरे एका ओळीत आली, आणि भाऊ-भाऊ, सालगडी आणि मालक, जे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते, ते गावाच्या दोन टोकांना गेले. रस्ते एवढे रुंद की म्हाताऱ्या बाईला पाण्याची घागर घेऊन शेजारी जायचे तर ते उन्हात पार करावे लागतात. गुरे बांधायला, कडबा ठेवायला जागा आराखड्यात नव्हतीच. लोकांनी पुढे पत्र्याची शेडे मारून ती केली. नवे घर सिमेंटचे मिळूनही बरीच वर्षे आमच्याकडची माणसे रात्री त्याच पत्र्याखाली झोपत, कारण डोक्यावर स्लॅब आहे म्हटले की झोप येत नसे.

ओटीवरून ताईंच्या लिखाणाला एक जोड देतो. जुन्या गावात सगळेच गोड नव्हते. दलितवस्ती वेशीबाहेर होती, आणि नव्या आराखड्यातही बहुतेक ठिकाणी ती कडेलाच आली. शेजार गेला म्हणून हळहळताना, तो शेजार कोणाकोणाला होता, हेही पाहावे.

आमच्याकडचा एक चांगला भाग सांगतो. दुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले होते. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना तयार केले. भिंतीत बांधकामाचे पट्टे कसे घालायचे, अनुदानाचा हप्ता कशावर मिळतो, गवंडी फसवतो कुठे, हे त्या घरोघरी सांगत. कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. भाषा एक नव्हती, पण पडलेल्या घरासमोर बसलेल्या बाईला काय विचारायचे हे त्यांना ठाऊक होते. पहिला सल्ला त्या हाच देत, की घर कितीचे मिळते ते नंतर पाहा, आधी यादीत नवऱ्याबरोबर आपले नाव घाला.

नकाशेवाला :

माळवद यांनी हे लिहिले ते बरे झाले. गुजरातने भूकंपानंतर पंधरवड्याच्या आत आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले, त्यामागे लातूरच्या पुनर्वसनाचा अनुभव नक्कीच होता. गावे सरसकट हलवू नयेत आणि घर मालकाने स्वतःच्या देखरेखीखाली बांधावे, हप्ते मात्र बांधकाम तपासून द्यावेत, हा कच्छच्या ग्रामीण भागातील मुख्य मार्ग किल्लारीत जे पोळले त्यातूनही आला. शहरांचा धडा मात्र भुजलाच प्रथम गिरवावा लागला, कारण आपल्याकडे तेवढे मोठे शहर पडले नव्हते.

पायवाट :

सर्वांचे आभार. आमच्या सहलीचा भुजमधला भाग आता पूर्णपणे बदलणार आहे. ओटीवरून ताई, एका दिवसात हे सगळे पायी पाहायचे तर कसे पाहावे? आणि भूकंपात गेलेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्मृतिवनासाठी किती वेळ ठेवावा?

ओटीवरून :

स्मृतिवनाला अर्धा दिवस द्या, आणि तो पहिल्या दिवशी देऊ नका. भुजिया डोंगरावर सुमारे ४७० एकरांत ते पसरले आहे, २०२२ मध्ये खुले झाले, आणि तिथल्या बंधाऱ्यांच्या भिंतींवर गेलेल्यांची नावे आहेत. संग्रहालय भव्य आहे. पण आधी शहर पाहिलेत, तर ती नावे कोणत्या गल्ल्यांतली असतील याचा अंदाज येतो.

शहरासाठी सकाळी हमीरसरच्या काठापासून निघा. महादेव नाक्यातून, म्हणजे तटबंदीच्या जुन्या दरवाजातून, आत शिरून दरबारगडाकडे जा. आईना महाल आणि प्राग महाल दोन्ही भूकंपात जखमी झाले होते. प्राग महालाच्या मनोऱ्यावर चढायला मिळाले तर नवे रस्ते आणि उरलेल्या जुन्या गल्ल्या वरून लगेच ओळखू येतात. मग सोनीवाडमधून सराफ बाजार आणि पुढे वाणियावाड. भुजची पाच नाकी आणि सहावी बारी, म्हणजे लहान दार, असे इथे म्हणतात. त्यांतली किती सापडतात ते मोजत चाला. तटबंदीचा बराच भाग आता उरलेला नाही, त्यामुळे एखाद्या दुकानदाराला विचारावे लागेल, आणि तो तुम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी अजरखपूरला जाऊन या. धमडका गावच्या पाण्यात भूकंपानंतर लोहाचे प्रमाण वाढले आणि अजरख या ठशांच्या कापडछपाईचे रंग बिघडू लागले, तेव्हा खत्री छपाईकारांनी स्वतः जागा शोधून हे गाव वसवले. परतताना संध्याकाळ रावळवाडी किंवा मुंद्रा रोडच्या वसाहतीत घालवा. मुले रस्त्यावर क्रिकेट खेळत असतात, त्यामुळे गाडी हळू न्यावी लागेल. रिक्षा करणार असाल तर 'रिलोकेशन साइट' एवढेच सांगा. चोवीस-पंचवीस वर्षे झाली, तरी रिक्षावाले तिला त्याच नावाने ओळखतात.